मेलो नावाची फाइल

बुवांच्या फोनमध्ये एकूण त्रेचाळीस कालवणं होती. बांगडो, पेडवे, सुंगटा, मोरी, तारले, सरंगो. बांगड्याचे दोन प्रकार होते, 'बांगडो तिखलो' आणि 'बांगडो भाजललो'. मधूनच 'वांगा' किंवा 'काळे वाटाणे' दिसलं, की ते काम सोमवारी झालंय असं समजायचं. प्रत्यक्षात हे सगळे अभंग, गौळणी आणि गजर होते.

डबलबारीच्या भजनात दोन बुवा आपापली मंडळी घेऊन समोरासमोर बसतात आणि गाण्यातून एकमेकांचे चिमटे काढतात. कुणाची नवी चाल आधी बाहेर फुटली, तर समोरचा तिची टर उडवूनच बारी सुरू करतो. म्हणून रेकॉर्डिंगला गाण्याचं नाव द्यायचंच नाही, असा आमच्या बुवांचा नियम होता. त्या दिवशी दुपारी ताटात जे असेल ते नाव द्यायचं.

"उद्या कोणी माझो फोन उघडल्यान, तर तेका वाटात ह्या म्हाताऱ्याक खावच्याशिवाय काय सुचणा नाय," बुवा म्हणायचे. "वाटांदेत."

या गुप्ततेचा जाच फक्त काकींना, म्हणजे बुवांच्या बायकोला व्हायचा. बुवा घामाघूम होऊन खोलीतून बाहेर येत आणि जाहीर करत, "आज सुंगटा बरी झाली हां!" काकी चुलीपासून मान वळवून विचारत, "खंय आसत?"

"फोनात."

"मगे जेवक पण फोनच घी."

मी मिठबावच्या शाळेत विज्ञान शिकवायला आले ती कराडकडून, आणि बुवांच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहिले. मला मालवणी कळत नव्हती. बुवांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या मते मालवणी सगळ्यांना कळते, काही लोक उगाच न कळल्यासारखं करतात. पहिल्याच दिवशी पोस्टमन आला तर हे पडवीतून ओरडले, "ये मेल्या, बस, चाय घी!" मी दचकले. आमच्याकडे असं म्हटलं तर माणूस चहा न घेता भावाला घेऊन परत येतो. इथे तो पोस्टमन हसत बसला आणि दोन कप चहा प्यायला. महिनाभरात माझ्या लक्षात आलं, की बुवांच्या जगात सगळेच मेलेले होते. वीज गेली की 'मेली लाइट', मांजर 'मेला', टीव्हीवर बातम्या देणारा 'मेलो'. रेकॉर्डिंग मध्येच अडकलं की तेही 'मेला'. एकच शब्द प्रेमाला, रागाला आणि बिघाडाला. आम्हा घाटावरच्या माणसांनी तो नेमका कुठल्या अर्थाने घ्यायचा हे कुणी सांगत नव्हतं.

बुवा फोनवर गाणं थराथराने रचत. आधी पखवाज, त्यावर झांज, त्यावर पेटी, मग गळा आणि शेवटी कोरस. कोरसात चार माणसं होती आणि चारही बुवाच होते: एक जाड आवाजाचे, एक बारीक, एक नाक धरून गाणारे आणि एक सुपारी दाढेत ठेवून गाणारे. हे सगळं चाले भात ठेवायच्या खोलीत. आवाज घुमू नये म्हणून चारी बाजूंनी दोरीवर गोधड्या टांगलेल्या. मे महिन्यात तिथून बाहेर पडताना बुवा नुकते समुद्रातून आल्यासारखे दिसत.

एवढं करूनही काकींचा कोंबडा आत ऐकू यायचाच. 'सुंगटा'मध्ये तो बरोबर समेवर आरवलाय. मी म्हटलं, पुन्हा करा. बुवा म्हणाले, "कित्याक? ह्या कोंब्याक ताल कळता गो. त्या मेल्याक अजून कळूक नाय."

तो मेला कोण, हे मी विचारलं नाही. असेल टीव्हीवरचा, असं मला वाटलं.

तशी एक गोष्ट मी रोज बघत होते. संध्याकाळी मळ्यापलीकडच्या वाडीतून कुणीतरी पखवाज वाजवायचं. वारा आमच्याकडे असला की बोल अगदी स्वच्छ ऐकू यायचे. बुवा लगेच म्हणत, "खिडकी लाव गो बाय, डास येतत." खिडकी लावली तरी आवाज यायचाच. बुवा पेपर वाचत बसत आणि त्यांची डाव्या हाताची बोटं मांडीवर चालू असत. त्यांना ते माहीत नव्हतं. मीही कधी बोलले नाही.

मग मुंबईहून मुलाने नवा फोन धाडला. जुन्याची गत अशी होती, की पडद्याचा खालचा पाव भाग बोटाला दादच देत नव्हता. 'श' किंवा 'स' लिहायचा तर बुवा फोन उलटा धरत आणि मान तिरकी करत. त्या आठवड्यात तो चारदा आपोआप बंद पडला. आणि जत्रेची डबलबारी आठ दिवसांवर आलेली. समोर कोण, तर चार वर्षांपूर्वी ज्यांनी बुवांची भर मांडवात लाज काढली होती तेच बुवा. त्यांच्यासाठी बुवांनी एक नवा गजर बांधला होता, 'सरंगो'. काकींच्या शब्दांत सांगायचं तर असा सरंगो गावात कुणी शिजवला नव्हता. बारीला कणकवलीचा एक पखवाजवाला ठरवला होता. त्याला 'सरंगो'चा ठेका फोनवर पाठवायचा आणि त्याने तो बसवून यायचं, असं ठरलं होतं.

मी म्हटलं, सगळे थर एकत्र करून तयार गाणी तेवढी नव्या फोनवर पाठवते, दोन मिनिटांचं काम.

बुवांनी माझ्याकडे अत्यंत कीव येऊन पाहिलं. "तयार गाणा म्हणजे कालवण. एकदा शिजला, की मीठ भायर काढूक गावता काय? माका वाटाण वेगळा होया, मासो वेगळो होयो, कोकमाचा आगळ वेगळा होया. सगळा सुटा सुटा आण."

विज्ञान शिकवणारी असून मला कुणी प्रोजेक्ट आणि ऑडिओ यांतला फरक इतका नीट समजावला नव्हता.

रविवारी सकाळी मी पडवीत लॅपटॉप मांडला, वायर जोडली आणि जुन्या फोनचं पोट उघडलं. प्रत्येक कालवणाचं एक फोल्डर, आणि आत सुट्या फाइल: पेटी, झांज, गळो, कोरस जाडो, कोरस नाक. आणि प्रत्येकात एक फाइल 'मेलो'.

बुवा शेजारी सुपाऱ्या सोलत बसले होते. त्यांनी सुरुवातीलाच बजावलं होतं, "मेलेला काय आसात ता हयच सोड. नव्या घरात मेलेला कित्याक?" त्यामुळे मला बरंच वाटलं. जागा वाचणार होती. तरी मी नीट विचारायचं म्हणून विचारलं, "बुवा, ह्या 'मेलो'चं काय करायचं?"

त्यांचा हात थांबला. चेहरा असा झाला की जणू मी घरातलं भांडण चव्हाट्यावर मांडलं.

"तेचा नाव माझ्या म्होरे काढू नको."

"नाही, पण सगळीकडेच आहे म्हणून..."

"आसांदे. माका तो मेलो. चार वर्सा झाली."

मी तारखा बघितल्या. खरंच, सगळ्या 'मेलो' फाइली चार वर्षांच्या किंवा त्याहून जुन्या. म्हणजे चार वर्षांपूर्वी बिघडल्या असणार. माझा हिशोब चोख जुळला.

"मग काढून टाकू?"

"मी कधीच काढून टाकलंय!" बुवा गरजले आणि सुपाऱ्या तशाच टाकून माडांकडे चालते झाले.

मी त्रेचाळीसच्या त्रेचाळीस 'मेलो' काढून टाकले. कचऱ्याची टोपलीसुद्धा रिकामी केली. एकही फाइल वाजवून बघितली नाही. मुलांना मी वर्षभर सांगते, निरीक्षण करा, पडताळा घ्या, मगच निष्कर्ष काढा. त्या सकाळी मी निष्कर्ष काढून मोकळी झाले. बाकी सगळं नव्या फोनवर गेलं. जुना फोन काकींना बहिणीशी बोलायला हवा होता, म्हणून तोही आतून धुऊन पुसून कोरा करून दिला. दुपारी काकींनी मला शाबासकी म्हणून दोन तिरफळं जास्तीची घातलेलं बांगड्याचं तिखलं वाढलं.

चार वाजता बुवा कानात इअरफोन घालून 'सरंगो' ऐकायला बसले. पेटी सुरू झाली. झांज आली. कोरस आला, जाडा आणि नाकातला. बुवांची मान डोलायला लागली आणि मध्येच थांबली. त्यांनी फोन हलवला. कानातलं काढून फुंकलं. पुन्हा लावलं. मग 'पेडवे' उघडलं, मग 'मोरी', मग 'सुंगटा'.

"गो बाय," ते म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. "तातू खंय गेलो?"

"कोण तातू?"

आत भांडं पडलं. काकी डाव हातात घेऊन बाहेर आल्या आणि बुवांकडे बघत राहिल्या. "काय म्हणालात? कोणाचा नाव घेतलात?"

बुवा पुन्हा 'सरंगो' उघडून बसले. मग काकींनीच मला सांगितलं. तातू म्हणजे मळ्यापलीकडचा पखवाजवाला. तीस वर्षं बुवांच्या उजव्या हाताला बसलेला. चार वर्षांपूर्वीच्या त्या बारीत शेवटच्या गजरात लय अशी काही चढली, की बुवांची कवळी निसटून पेटीवर पडली. काळ्या चारच्या पट्टीवर. समोरच्या बुवांनी तिथल्या तिथे त्यावर कडवं रचलं आणि सगळा मांडव हसला. बुवा म्हणाले, तातूने मुद्दाम लय वाढवली. तातू म्हणाला, मी होतो तिथेच होतो, ह्याचाच श्वास कमी पडला. त्या दिवसापासून बोलणं बंद. मग बुवांनी आठवडाभर बसून, फोन उलटा धरून, जिथे जिथे 'तातू' लिहिलं होतं तिथे तिथे 'मेलो' लिहिलं. आणि नवी चाल सुचली, की त्याच जुन्या ठेक्यांतला एखादा उचलून त्यावर गायचं.

"बोलणत नाय त्याच्याशी," काकी म्हणाल्या, "पण गातत त्याच्याच हातार."

मी सांगितलं, की मी ते सगळे पुसून टाकलेत. परत आणता येणार नाहीत. मला वाटलं बुवा ओरडतील, आणि ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "सगळे?"

"सगळे."

"मीच सांगलंय तुका, नाय?"

काकी इतक्या हसल्या की त्यांना पायरीवर बसावं लागलं. "तीन वर्साचा पोर पण सांगात मेलो म्हणजे कोण ता! शिकलेल्या माणसाक कळूक नाय!" मला हसू येत नव्हतं. तीस वर्षांची एका माणसाची बोटं मी कचऱ्यात टाकली होती, तीही शाबासकी घेऊन.

दोन दिवस बुवांनी पर्याय करून पाहिले. फोनमध्येच तयार ठेके असतात, ते मी लावून दिले. "ह्यो डबो वाजयता," असं म्हणून त्यांनी ते बंद केले. नुसत्या झांजेवर गाऊन पाहिलं. एकदा तर 'सुंगटा'तल्या कोंबड्याच्या जागेवरून ताल मोजायचा प्रयत्न केला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले.

"तू पुसलंस. तू जा."

मी मळा ओलांडून गेले. तातू पडवीत बसून पखवाजाच्या डाव्या पुडीला कणीक थापत होते. बारीक अंगाचा, शांत माणूस. मी एका दमात सगळं सांगून टाकलं. त्यांनी कणकेचे हात पुसले.

"म्हणजे चार वर्सा तो माझ्याच ठेक्यार गायत होतो?"

"हो."

त्यांनी मळ्यापलीकडे बुवांच्या घराकडे पाहिलं. मग म्हणाले, "फाइलीक नाव काय दिलेल्यान?"

हे सांगायचं माझ्या मनात नव्हतं. पण माझ्याकडून आधीच पुरेसा घोळ झाला होता, न कळता का होईना. "मेलो," मी म्हणाले.

"आणि तू पुसलंस."

"हो."

"म्हणजे त्यान मारल्यान आणि तू जाळलंस." ते हसले नाहीत, पण खांदे हलत होते. "येतंय. वाजयतंय. पण तेका सांग, नाव बदलूचा. मी जितो आसय. तसाच लिवचा. जितो."

ते पखवाज खांद्याला लावून निघाले ते थेट भाताच्या खोलीत येऊन बसले. बुवा आधीच पेटी घेऊन आत बसले होते. दोघांमध्ये हातभर अंतर, चारी बाजूंनी गोधड्या, आणि मध्ये मी फोन धरून. बोलणं सगळं माझ्यामार्फत.

"तेका सांग, पांढऱ्या दोनचो गजर."

"तेका सांग, माका कान आसत."

"तेका विचार, लय वाढयतलो काय."

"तेका सांग, कवळी आधी काढून ठेव."

त्या गोधड्यांच्या उकाड्यात मी दोन म्हाताऱ्यांचा निरोप्या होऊन बसले होते आणि घाम पुसायलाही हात मोकळा नव्हता. बुवांनी माझ्याकडे पाहिलं, मग तातूंकडे. मग त्यांनी खरंच कवळी काढली, धोतराच्या सोग्याने पुसली आणि तातूंसमोर ठेवली. बोळक्या तोंडाने म्हणाले, "वाजय आता मेल्या, कितक्या वाजयतंस ता."

निरोप्याचं काम तिथे संपलं. 'सरंगो' एका दमात झाला. गळा फुसफुसत होता, तो नंतर कवळी घालून पुन्हा करावा लागला. पण ठेका तोच राहिला. फाइलीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा बुवांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि स्वतः टंकलं. तातूंनी वाकून वाचलं आणि मान हलवली. कणकवलीच्या माणसाला येऊ नको म्हणून सांगितलं.

जत्रेत कोण जिंकलं हे डबलबारीत कधीच ठरत नाही. दोन्हीकडची माणसं जिंकूनच घरी जातात. समोरच्या बुवांनी कवळीचं कडवं पुन्हा काढलं, हे मात्र खरं. तेव्हा आमच्या बुवांनी गजराच्या शेवटी, लय अगदी टोकाला असताना, समोरच्यांकडे बघून बत्तीसही दात दाखवले. तातूंनी त्या जागी एक तिहाई अशी मारली की लोकांनी मांडव डोक्यावर घेतला. मी, घाटावरची बाई, ओरडून ओरडून घसा बसवून घेतला.

पुढे त्या उन्हाळ्यात एकामागून एक सगळी कालवणं पुन्हा शिजली. तातू रोज संध्याकाळी मळा ओलांडून येत, त्यामुळे पलीकडून पखवाज ऐकू येणं बंद झालं आणि खिडकीही उघडीच राहू लागली. डास खरोखरच येतात, हे मला तेव्हा कळलं. पुढच्या वर्षी माझी बदली झाली.

यंदा बुवांचा फोन आला. "गो बाय, तिसरो फोन इलो हा. तू येशीत तरच काय ता होतला."

मे महिन्याच्या सुट्टीत गेले. तातू शिमग्याच्या सुमाराला गेले, हे काकींनी आधीच कळवलं होतं. झोपेतच. बुवांनी त्याबद्दल फोनवर एक अक्षर काढलं नव्हतं. मी पडवीत त्याच जागी लॅपटॉप मांडला. काकींनी चहा आणून ठेवला आणि त्याही तिथेच बसल्या. या वेळी बुवा सुपाऱ्या घेऊन बसले नाहीत. नवा फोन दोन्ही हातांत धरून माझ्या अगदी शेजारी बसले.

मी पहिलं फोल्डर उघडलं. पेटी, झांज, गळो, कोरस जाडो, कोरस नाक, जितो. विचारायचं काहीच नव्हतं. तरी माझा हात त्या शेवटच्या नावावर थांबला. बुवांनी ते पाहिलं.

"नाव बदलू नको," ते म्हणाले. "तेणां सांगलेल्यान."

मी एकेक फाइल पाठवायला लागले. आधी जितो, मग बाकीच्या. प्रत्येक वेळी आधी वाजवून बघत होते. बुवा नव्या फोनच्या पडद्याकडे टक लावून होते.

"इलो?"

"इलो, बुवा."

"मगे म्होरचो घी."